निरपराधाला झालेल्या शिक्षेवर ऐतिहासिक कादंबरी कशी लिहावी : बेळगाव सीमाभागातील लेखकांसाठी

निरपराध माणसाला शिक्षा होते आणि ती पुसून टाकण्यासाठी त्याच्या माणसांना वर्षानुवर्षे झगडावे लागते, या विषयावर ऐतिहासिक कादंबरी लिहावी असे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या अनेक लेखकांच्या मनात असते. त्यांतले बहुतेक जण एखाद्या क्रूर फौजदारापासून सुरुवात करतात आणि कादंबरी तिथेच बिघडते. फौजदार दुष्ट ठरला की खटला खोटा ठरतो, वाचकाला पहिल्याच प्रकरणात सगळे कळून चुकते, आणि उरलेली पाने हळहळण्यात जातात. जुने निकाल वाचले तर वेगळे चित्र दिसते. पोलीस पाटील खबर देतो, फौजदार पंचनामा करतो, मॅजिस्ट्रेट जबाब लिहून घेतो, सेशन्स जज्ज पुरावा तोलतो, आणि यांपैकी प्रत्येकाने आपले नेमून दिलेले काम जवळजवळ नियमाप्रमाणेच केलेले असते. तरीही शेवटी चुकीचा माणूस फासापाशी उभा राहतो. म्हणून माझा आग्रह असा आहे की प्रकरणे लिहायला बसण्यापूर्वी लेखकाने त्या खटल्याची फाइल पहिल्या खबरीपासून दयेच्या अर्जापर्यंत स्वतः तयार करावी. कादंबरीत त्यातले चार कागदही प्रत्यक्ष येणार नाहीत, पण प्रत्येक पात्राला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, हे त्या कागदांवरूनच ठरेल.

आधी साल, मग कथानक

या विषयात साल बदलले की कथानक बदलते, कारण कायदा बदलतो. भारतीय दंडसंहिता १८६२ च्या आरंभी लागू झाली, पुराव्याचा कायदा १८७२ चा आहे, आणि फौजदारी प्रक्रियेचा कायदा १८६१, १८७२, १८८२, १८९८ आणि १९७३ असा पुन्हा पुन्हा नव्याने लिहिला गेला. यांतला १८९८ चा कायदा पाऊणशे वर्षे टिकला; पुढे कायद्याचे नाव न घेता सांगितलेली कलमे त्याचीच आहेत. पण त्याच्या पोटातही दुरुस्त्या झाल्या आणि लेखक नेमका तिथेच फसतो.

सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे आरोपीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून शपथेवर बोलायला लावणे. आरोपीने स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याची मुभा आपल्याकडे १९५५ च्या दुरुस्तीने आली. त्यापूर्वी न्यायाधीश कलम ३४२ खाली त्याला प्रश्न विचारत, तो बिनशपथेची उत्तरे देई, आणि त्याची उलटतपासणी होत नसे. स्वतःच्या जिवाचा फैसला होत असताना माणसाला चार-दोन प्रश्नांची उत्तरे देण्यापलीकडे बोलता येत नाही, ही स्थिती कोणत्याही रचलेल्या भाषणापेक्षा नाट्यमय आहे. ती सोडून देणे म्हणजे हातातले चांगले टाकून देणे होय.

दुसरी बाब शिक्षेची. १९५५ च्या दुरुस्तीपूर्वी खुनासारख्या गुन्ह्यात फाशी हीच रूढ शिक्षा होती, आणि न्यायाधीशाने फाशी न देता काळ्या पाण्याची शिक्षा दिली तर तसे का केले याची कारणे कलम ३६७ प्रमाणे निकालपत्रात लिहावी लागत. १९७३ च्या संहितेने हे नेमके उलटवले आणि फाशीसाठी विशेष कारणे मागितली. म्हणजे १९२० सालचा न्यायाधीश फाशी सुनावतो तेव्हा तो कठोर असतोच असे नाही. तो बिनकारणाचा, सरळ रस्ता धरत असतो. त्याच्या तोंडी रक्तपिपासू वाक्ये घालण्याची गरज उरत नाही.

मॅजिस्ट्रेटपुढच्या कबुलीजबाबाचेही तसेच आहे. ‘तू कबुली द्यायला बांधलेला नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल’ असे आरोपीला समजावून सांगण्याचे बंधन कायद्यात १९२३ साली आले. त्याआधीच्या कथेत मॅजिस्ट्रेट हे वाक्य बोलला तर जाणता वाचक पुस्तक मिटेल. सेशन्स कोर्टात काही जिल्ह्यांत व काही गुन्ह्यांसाठी ज्यूरी बसत असे आणि इतरत्र असेसर, म्हणजे न्यायाधीशाला मत देणारे नागरिक, बसत; असेसरांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. आपल्या जिल्ह्यात, आपल्या गुन्ह्यासाठी, आपल्या साली यांपैकी कोण बसत होते हे त्या काळच्या सरकारी अधिसूचनेवरून ठरवावे आणि मगच कोर्टाचे प्रकरण लिहावे.

हद्दींचा उपयोग

आपल्या भागातल्या लेखकाला जे भांडवल आयते मिळते ते हद्दींचे, आणि त्याचा पुरेसा उपयोग आजवर झालेला नाही असे मला वाटते. बेळगाव जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे त्या दिवसापर्यंत बेळगावच्या सेशन्स कोर्टाची फाशी कायम करण्याचा अधिकार मुंबई हायकोर्टाचा, आणि त्यानंतर बंगळूरच्या म्हैसूर हायकोर्टाचा. मुंबईत पडून असलेल्या ज्या कामांबाबत मुख्य न्यायमूर्तींनी दाखला दिला ती कामे नव्या हायकोर्टाकडे गेली. १९५६ च्या पावसाळ्यात अपील दाखल केलेल्या माणसाच्या बायकोला कोणत्या शहराचे तिकीट काढावे हे कळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर अख्खे प्रकरण उभे राहू शकते. धारवाडचे खंडपीठ मात्र फिरत्या स्वरूपात २००८ साली आणि कायमचे २०१३ साली आले, हे लक्षात ठेवावे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तेव्हा त्या काळच्या चंदगडच्या आरोपीचा खटला कोल्हापुरात चालवू नये.

त्याहून नाजूक हद्द शहरातच होती. आज बेळगावचा भाग झालेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. बेळगावच्या बाजारातून विणकर आणि सोनारांच्या शहापुरात पायी जाणारा माणूस वाटेत इंग्रजी मुलूख ओलांडून संस्थानी मुलखात शिरत असे. इंग्रजी पोलिसांना तिथे स्वतःच्या अधिकारात झडती घेता येत नसे आणि बेळगावच्या कोर्टाचे समन्स तिथे आपोआप चालत नसे. शिवाय कोल्हापूर, जमखंडी, कुरुंदवाड, रामदुर्ग ही संस्थाने आजूबाजूला आणि घाट उतरला की पोर्तुगीज गोवा. पळून जाणाऱ्याला सोयीचा आणि पुरावा शोधणाऱ्याला गैरसोयीचा असा हा मुलूख होता.

फाइल कशी बांधावी

उदाहरणासाठी एक सर्वस्वी काल्पनिक कथानक घेऊ. डिसेंबर १९१९. मार्कंडेय नदीकाठच्या एका गावात रात्री नऊच्या सुमारास सावकाराच्या वाड्यावर दरोडा पडतो, सावकार मारला जातो, दागिने जातात. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेले, आणि त्याच वर्षी मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीने घरेच्या घरे रिकामी केलेली. त्यामुळे अर्धे गाव सावकाराचे देणेकरी आहे आणि त्याच्या मरणाचे दुःख फारसे कोणाला नाही. गाव काल्पनिकच असावे, पण ते खऱ्या दोन गावांच्या मधे, खऱ्या रस्त्यावर ठेवावे, म्हणजे अंतरे आणि वेळा चुकत नाहीत.

सावकाराची सून सांगते की पाच माणसे होती. हा आकडा मी मुद्दाम निवडला आहे. दंडसंहितेप्रमाणे दरोडा ठरायला किमान पाच माणसे लागत, आणि दरोड्यात खून झाला तर तिच्या कलम ३९६ प्रमाणे त्यांतल्या प्रत्येकाला फाशी होऊ शके, मग घाव कोणीही घातलेला असो. पोलिसांना चौघे सापडतात. चौघांपैकी एक जण माफीचा साक्षीदार होतो आणि पाचवा कोण असे त्याला विचारले जाते. खरा पाचवा त्याचा मावसभाऊ आहे. तो नाव घेतो गावाबाहेर पालात राहून टोपल्या आणि कणग्या विणणाऱ्या एका कैकाड्याचे. फौजदाराने खोटे नाव पढवलेले नाही, फक्त रिकामी जागा दाखवली. ती भरली गेली.

आता या नावाला दुजोरा हवा, कारण साथीदाराच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा करणे कायद्यात बसत असले तरी न्यायालये तसे सहसा करत नसत. इथे अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा १९११ चा गुन्हेगार जमातींचा कायदा येतो. या कायद्याखाली नोंद झालेल्या माणसाला ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, राहण्याचे ठिकाण कळवावे लागे, आणि गैरहजर राहायचे असेल तर तेही आधी कळवावे लागे; न कळवणे हाच गुन्हा. आपला आरोपी मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेसाठी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेला होता आणि दरोड्याच्या रात्री, वद्य अष्टमीला, परतीच्या वाटेवर बैलहोंगलजवळ मुक्कामाला होता. जाताना त्याने पोलीस पाटलाला विचारले होते. पाटील भला माणूस. तोंडी ‘जाऊन ये’ म्हणाला, कोणालाही न कळवता सोडले, आणि आपल्या अंगावर येऊ नये म्हणून हजेरीच्या वहीत रोज ‘हजर’ लिहीत राहिला.

हा कादंबरीचा कणा आहे. सरकारी कामाच्या ओघात केलेली नोंद पुराव्याच्या कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे पुराव्यात येई, तेव्हा पाटलाने दयेपोटी लिहिलेली ती वहीच आरोपी त्या रात्री गावात होता असे सिद्ध करते. आरोपी स्वतः आधी चौकशी करणाऱ्या मॅजिस्ट्रेटपुढे ‘घरीच होतो’ असे सांगतो, कारण गैरहजेरीची शिक्षा त्याला ठाऊक आहे आणि फाशीची कल्पनाही त्याला आलेली नाही. सेशन्स कोर्टात तो खरे सांगतो. पण मॅजिस्ट्रेटपुढचा त्याचा जबाब कलम २८७ प्रमाणे तिथे वाचला जातो, आणि खरे सांगणारा माणूस जबाब फिरवणारा ठरतो. पाटलाने तोंड उघडायचे तर खोट्या नोंदीची कबुली द्यावी लागेल. वतनी हक्काची नोकरी जाईल, कदाचित स्वतःवर खटला होईल. तो गप्प बसतो. असा पाटील रंगवायला क्रूर फौजदारापेक्षा अवघड आहे आणि वाचकाला तो अधिक काळ छळतो.

पुरावा याच रीतीने, एकावर एक रचावा. सून म्हणते की पाचव्याला चांदण्यात ओळखले. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. रात्री नऊला चांदणे असणे शक्यच नाही. कोर्टात कोणी पंचांग उघडत नाही, कारण सुनेने ‘सोमवारी’ म्हटले, कारकुनाने इंग्रजी तारीख घातली, आणि तिथीचा उल्लेखच कागदावर राहिला नाही. लेखकाने मात्र त्या सालचे पंचांग हाताशी ठेवूनच प्रत्येक रात्रीचे वर्णन करावे. त्यानंतर ‘आरोपीने दाखवून दिलेला’ मुद्देमाल. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नसे, परंतु तिच्यामुळे वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्याच्या कायद्याच्या कलम २७ खाली येई, आणि त्यातला किती भाग घ्यायचा याला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, १९४६ च्या अखेरीस आवर घातला. १९२० साली कोर्टे हात सैल सोडत. पालाजवळच्या कणगीखाली एक पाटली सापडते. ती तिथे कोणी ठेवली हे शेवटपर्यंत उघड करू नये असे माझे मत आहे. झडतीला त्या वस्तीतले किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून लागत. पालाच्या वस्तीत प्रतिष्ठित कोणाला म्हणायचे, म्हणून पंच आणले जातात ते सावकाराच्या गल्लीतून, आणि दोघेही त्याचे ऋणको असतात.

रक्ताचा पुरावा वापरणार असाल तर जपून. त्या काळी डाग मुंबईच्या सरकारी रासायनिक पृथक्करणकाराकडे जात, आणि रक्त माणसाचे आहे की जनावराचे हे कलकत्त्याचे सिरॉलॉजिस्ट (रक्ततपासनीस) सांगत. कोणाचे रक्त आहे हे सांगता येत नसे. धोतरावरचा डाग ‘मानवी रक्त’ ठरला की असेसरांच्या मनात खटला संपला. टोपल्या विणणाऱ्याच्या बोटांना रोज काप जातात हे सांगायला त्याचा वकील विसरला, असे दाखवता येईल.

खऱ्या पाचव्याचा माग शहापुरात आहे. त्याने दागिने तिथल्या सोनाराकडे आटवले आणि सोनाराच्या रोजमेळात तारीख, वजन आणि विकणाऱ्याचे नाव आहे. वही हद्दीपलीकडे, सांगलीच्या मुलखात. ती मागवायची तर दरबारमार्फत पत्रव्यवहार हवा, आणि तो करायला ना फौजदाराला सवड आहे ना आरोपीच्या वकिलाला पैसा. पुरावा खटल्याच्या कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर पडून राहतो.

कोर्टातली भाषा

सून मराठी बोलते, सोबतचे दोन साक्षीदार कानडी, आरोपी घरात कैकाडी आणि बाजारात दोन्ही मोडकीतोडकी, आणि न्यायाधीश स्वतःसाठी टिपण इंग्रजीत ठेवतो. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतला पुरावा त्याला समजावून सांगावा असे कलम ३६१ सांगत असले तरी घाईच्या कोर्टात ते किती वेळा मनापासून होत असेल याचा अंदाज लेखकाने करावा. लिहिताना साक्षी संवादरूपाने न देता कोर्टाच्या कारकुनाच्या निवेदनशैलीत द्याव्यात : ‘मी सदर रात्री ओसरीवर निजलो होतो. गलका ऐकून उठलो.’ जबाब लिहिण्याच्या त्या सरळ, कोरड्या पद्धतीत माणसाचा आवाज कसा पुसला जातो हे वाचकाला निराळे सांगावे लागत नाही.

गावातल्या बोलण्यात ‘जाऊलोय’, ‘करूलास’ ही आपली बेळगावी रूपे यावीत, पण मिठाइतकीच. पाटील आरोपीला ‘अरे’ म्हणेल, आरोपी त्याला ‘जी पाटील’ म्हणेल, आणि वकील आरोपीच्या बायकोला ‘बाई’ म्हणूनच बोलेल. वकिलाने तिला बसायला सांगितले आणि ती उंबऱ्याबाहेरच बसली, एवढ्याने जे कळते ते जातिव्यवस्थेवरच्या दोन पानांनी कळत नाही.

कागद कुठे मिळतील

सुरुवात बेळगाव जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटियरपासून करावी; मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो एकविसावा खंड आहे आणि त्यात रस्ते, बाजार, पिके, किमती, गावकामगार यांची माहिती आहे. त्यातली जमातींची वर्णने मात्र त्या काळच्या साहेबाच्या नजरेतली आहेत. ती पात्रांच्या तोंडी चालतील. निवेदकाच्या तोंडी गेली तर कादंबरीच फौजदाराच्या बाजूने उभी राहील. १९११ आणि १९२१ च्या जनगणनेचे अहवालही पाहावेत.

१९५६ पूर्वीच्या न्याय खात्याच्या दप्तरांसाठी मुंबईचे पुराभिलेखागार गाठावे लागते. ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. संस्थानी बाजूसाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार उपयोगी पडते. गावकीचे कागद मोडीत असतील, बरेचसे कानडीत असतील, आणि या दोहोंपैकी एक तरी वाचता येत नसेल तर वाचणारा जोडीदार शोधावा. फक्त मराठी कागदांवर लिहिलेली बेळगावची कादंबरी लंगडी होते. मुंबई हायकोर्टाचे निकाल १८७६ पासूनच्या इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत आणि १८९९ पासूनच्या बॉम्बे लॉ रिपोर्टरमध्ये मिळतात. कोर्टाची चाल, युक्तिवादाची लय आणि न्यायमूर्तींच्या शंका समजायला त्यांच्याइतके चांगले वाचन दुसरे नाही. वर्तमानपत्रांत केसरी १८८१ पासून आहे आणि बेळगावचे तरुण भारत बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केले, म्हणजे आपल्या कथेतला दरोडा हे त्याच्या पहिल्याच वर्षातले वृत्त ठरते.

इमारतींबाबतही सावध असावे. बेळगावात तुरुंग म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे हिंडलगा येतो, १९५० मध्ये सावरकरांना स्थानबद्ध ठेवले होते तो. आपल्या कथेच्या साली तो होता का, कैदी त्यापूर्वी कुठे ठेवत, हे कागदावरून पक्के केल्याशिवाय कोठडीचे वर्णन करू नये.

झगडा कसा रंगवावा

सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली की दोन गोष्टी घडतात. मुदतीच्या १९०८ च्या कायद्याप्रमाणे फाशीविरुद्ध अपिलाला सात दिवस मिळत. आणि अपील झाले नाही तरी कलम ३७४ प्रमाणे शिक्षा कायम करण्यासाठी कागद हायकोर्टाकडे जावेच लागत. नक्कल मिळवणे, वकीलपत्र, मुंबईच्या वकिलाची फी, यांसाठी सात दिवसांत पैसा उभा करणे म्हणजे बायकोने काय काय विकायचे याची यादी. तिच्याकडे विकण्यासारखे एक गाढव आणि विणलेल्या कणग्या आहेत. गाडी बेळगावहून मिरजेवरून पुण्याला जाई, मीटर गेजची. पुण्यात उतरून जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मोठ्या गाडीत बसावे लागे. तिने एकटीने हा प्रवास करणे संभवत नाही असे म्हणून वकिलालाच पाठवणारे लेखक असतात. मला ते पटत नाही. यात्रेला पायी सौंदत्ती गाठणाऱ्या बाईला मुंबई अशक्य नाही.

हायकोर्टाला अशा प्रकरणात फक्त शिक्कामोर्तब करायचे नसते. ते पुरावा नव्याने पाहते, कलम ३७५ खाली जादा पुरावा मागवू शकते, आणि शिक्षा कायम करू शकते, फेरखटल्याचा हुकूम देऊ शकते किंवा निर्दोष सोडू शकते. दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले तर तिसऱ्याकडे जाते. म्हणजे पाटलाने या टप्प्यावर बोलण्याचा निर्णय घेतला असता तर दार उघडे होते. त्याला इथे बोलते करून टाळ्या घेण्याचा मोह होईल, तो आवरावा. हायकोर्ट पुराव्याबद्दल अस्वस्थ होते, पण हजेरीच्या वहीपाशी अडते, आणि फाशीऐवजी जन्मठेप काळे पाणी देते. असे अर्धे निकाल कागदोपत्री सावधपणाचे दिसतात आणि प्रत्यक्षात निरपराधाचे आयुष्य पुरते संपवतात.

पाटील बोलतो त्यानंतर, आणि तेव्हा कायद्यात त्याचे बोलणे ऐकायला जागा नाही. अपिलाचा निकाल झाल्यावर नवा पुरावा आला म्हणून खटला पुन्हा उघडण्याची सोय १८९८ च्या कायद्यात नव्हती. कोर्टाला आपला सही झालेला निकाल बदलता येत नसे. उरे ते कलम ४०१, म्हणजे सरकारकडे शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा अर्ज. प्रिव्ही कौन्सिल होते, परंतु फौजदारी कामात ते क्वचितच हात घाली आणि लंडनचा खर्च पालावरच्या माणसाच्या हिशोबात बसत नव्हता. सुप्रीम कोर्ट १९५० चे. या अर्जांच्या मालिकेत कादंबरीचा उत्तरार्ध आहे. एक अर्ज जुलै १९२० च्या अखेरीस वर्तमानपत्राकडे छापायला पाठवला तर १ ऑगस्टला टिळक जातात आणि पुढे कित्येक दिवस पानांवर दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. इतिहास कादंबरीत असा यावा, अडथळा म्हणून. मिरवणूक म्हणून आणला की पात्रे बाजूला सरतात.

शेवटाचा विचार करताना दोन खरे खटले डोळ्यांपुढे ठेवावेत. ताईमहाराज प्रकरणात, म्हणजे एका विधवेच्या दत्तकाच्या वादात, टिळकांना १९०३ साली फौजदारी शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली आणि १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली, तरी त्याच प्रकरणातला दिवाणी वाद १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत चालला. एवढा नामवंत, कायदा जाणणारा, वर्तमानपत्र हाती असलेला माणूस इतका काळ अडकला, तर आपल्या आरोपीचे काय, हा प्रश्न कथेतल्या वकिलाने स्वतःला विचारावा. दुसरा हेरगिरीचा खोटा आरोप आलेल्या, फ्रान्समधल्या ड्रायफस या सैन्याधिकाऱ्याचा. १८९४ साली शिक्षा, १८९९ मध्ये फेरखटल्यातही पुन्हा दोषी, मग माफी, आणि निर्दोषत्व १९०६ मध्ये. माफी आणि निर्दोषत्व यांमधली ती सात वर्षे आपल्या विषयाचे मर्म आहेत. आपला कैकाडी सुटेल तो माफीने सुटेल. कागदावर तो दरोडेखोरच राहील, आणि गावी परतल्यावर त्याला पुन्हा हजेरीच्या वहीत सही किंवा अंगठा द्यावा लागेल, कारण गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे फार उशिरा, रद्द झाला. मुलाने किंवा नातवाने पुढे काय करायचे ते त्यानंतरच्या काळात ठरवता येईल.

एक इशारा. बेळगावात घडणारी कोणतीही कथा मराठी-कानडी वादाकडे आपोआप ओढली जाते. १९५६ च्या १७ जानेवारीचे हुतात्मे आपल्या आठवणीत आहेत आणि असावेत, पण १९१९ च्या कथेत तो वाद मागे नेऊन घालणे कालविसंगत होईल. माझ्या आराखड्यात आरोपीचा वकील कानडी बोलणारा लिंगायत आहे, पाटील मराठा आहे, आणि दोघांमधला ताण भाषेचा नसून त्या हजेरीच्या वहीचा आहे.

खऱ्या खटल्यावरून लिहीत असाल तर नावे, गाव आणि नातेसंबंध बदलावेत, कारण वंशज त्याच गल्लीत राहत असण्याची शक्यता मोठी आहे; आणि काय खरे, काय रचलेले हे पुस्तकाच्या शेवटी एका पानात स्पष्ट लिहावे. ज्या जमातीचा माणूस नायक केला आहे ती आपल्या जिल्ह्यात कोणत्या साली अधिसूचित झाली हे सरकारी गॅझेटमध्ये पाहावे, आणि त्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना मसुदा वाचून दाखवावा. दुसरी प्रत फौजदारी काम केलेल्या एखाद्या जुन्या वकिलाला आणि तिसरी कानडी वाचणाऱ्या मित्राला द्यावी. वकील बहुधा कोर्टातली भाषणे खोडतील, मित्र गावांची नावे आणि साक्षीदारांची आडनावे दुरुस्त करील, आणि वडीलधारी माणसे पालावरच्या संसाराची वर्णने परत लिहायला लावतील. या शेवटच्या कामाला सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा.